उंबरकोंडावरची हाक

ऐका आता. शेकोटीजवळ सरका आन् बॅटऱ्या बंद करा. डुकरं काय एवढ्यात रानात उतरत न्हाईत, येळ हाय आपल्याकडं. तुमच्यातल्या दोघांच्या खांद्याला बंदुका हायत्या, म्हणून ही गोष्ट सांगतोय. बाकीच्यांनी नुसती ऐकली तरी चालंल.

तर मष्णू गावडे फाट्यावर उतरला, तवा दिवस बुडून गेला हुता. त्यो तालुक्याला गेल्ता बंदूक आणायला. इलेक्शन आलं की तालुक्यातल्या समद्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेत्यात, आन् मतं मोजून झाली की परत देत्यात. तसंच तवाबी हुतं. मष्णूची बंदूक बापाच्या येळची, ठासणीची. परवाना शेतराखणीचा. डुकरासाठी, वानरासाठी. सकाळपासनं रांगेत उभा ऱ्हायला, बंदूक हातात पडली संध्याकाळी, आन् शेवटच्या येस्टीनं त्याला फाट्यावर सोडलं.

फाट्यावर च्याचं दुकान हुतं, एका म्हातारीचं. ती दाराला झाप वढत हुती. ती म्हणली, "मष्णू, आज हितंच टेक. सकाळी जा."

त्यो म्हणला, "भात पिकलंय. सटुप्पा एकटाच माळ्यावर हाय. जातो."

सटुप्पा म्हंजे मी. आमच्या दोघांची रानं बांधाला बांध. राखणीला आमी दोघं एकाच माळ्यावर, रानातल्या उंच मचाणावर, बसायचो.

म्हातारी म्हणली, "जा बाबा. गाडीवाटनं जा."

मष्णूनं बंदुकीत बार भरला. गजानं ठासला. मग म्हणला, "खालच्या वाटनं जातो."

म्हातारीनं झाप तसाच हातात धरला.

आता गाडीवाट म्हंजे बांबरवाडीला वळसा घालून पाच मैल. खालची वाट दीड मैल, वढ्याच्या कडंकडंनं, उंबरकोंडावरनं. बांबरवाडीची पायवाटबी कोंडाच्या वर, उतारापाशी वढा वलांडून हिलाच मिळती. कोंड तुमी दिवसा बघितलाय. वर उंबर, खाली काळं पाणी, आन् वाट कड्याच्या अगदी काठावरनं. तीन वर्सं झाली हुती, अंधार पडल्यावर त्या वाटनं एक माणूस गेलं न्हवतं.

का, ते सांगतो. हितं मला जरा मागं जावं लागतंय. ऐका.

आमच्या वाडीत तुळसा म्हणून पोरगी हुती. मष्णू आन् ती बरोबरीची. दोघांच्या घरच्या म्हशी एका माळावर चरायच्या. करवंदाच्या दिवसात ती पळसाच्या पानाचा द्रोण करायची आन् मष्णू जाळीत शिरून करवंदं काढायचा. हात समदे वरबाडून घ्यायचा. पुढं मष्णूच्या घरच्यांनी मागणी घातली. तिच्या बापानं पोरगी बांबरवाडीला दिली, जास्ती जमीन बघून. झालं. मष्णू लगीन न करताच ऱ्हायला. कुणी इचारलं तर म्हणायचा, "बघू की फुडल्या वर्सी." अशी किती फुडली वर्सं गेली.

एका वर्सी, असंच भात पिकलं हुतं. आमी दोघं माळ्यावर. तुळसाच्या आईला बरं न्हवतं, आन् सांगावा गेल्ता बांबरवाडीला. तुळसा एकटीच निघाली, खालच्या वाटनं. आमास्नी काय म्हाईत न्हाई. पहिला पहर झाला असंल. उंबरकोंडाकडनं हाक आली.

"मष्णू, बंदूक घिऊन ये."

एवढीच. तिला ठाव हुतं, त्यो राखणीला हितं बसतो म्हणून.

मष्णू उठला. बंदूक घेतली. माळ्याच्या शिडीवर एक पाय ठेवला. आन् मी त्याचा दंड धरला. मीच धरला. कुणा दुसऱ्याचं नाव सांगत न्हाई. मी म्हणलो, "आरं, नवराच मारत असंल तिला. नवरा-बायकोच्या मधी तू कोण? रातचं बंदूक घिऊन तिच्यासाठी पळत गेलास तर लोक काय म्हणतील? तिला नांदवतील का? आन् परवाना डुकरासाठी हाय. माणसाला बार लागला तर जल्मभर आत बसशील."

त्यो तसाच शिडीवर. दुसरी हाक आली. मग तिसरी आली, ती अर्धीच.

मग रातकिडं तेवढं वरडत ऱ्हायलं.

सकाळी तुळसा कोंडात गावली. नवऱ्यानं मारलं न्हवतं. नवरा घरात झोपला हुता. घाटाखालनं दारूचे डबे चोरून वर आणणारी माणसं त्या वाटनं जायची. त्यांनीच तिला गाठली असणार. ती पळाली, आन् अंधारात कड्यावरनं गेली. वाटंवर तिची चप्पल पडलेली आन् आईच्या पेजंसाठी बोचक्यात बांधून आणलेले तांदूळ सांडलेले. मष्णूनं ते बघितलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिच्या तेराव्यानंतर हाक यायला लागली. त्याच येळंला. त्याच तीन. साऱ्या वाडीनं ऐकली. गुरवानं सांगितलं, रातची त्या अंगानं हाक आली की दारं लावायची, ओ द्यायची न्हाई, मागं बघायचं न्हाई. गावानं ते धरलं. मष्णू माळ्यावर बसून ऐकायचा. हाक आली की घोंगडं डोक्यावरनं घ्यायचा. पण घोंगड्याच्या आत त्यो जागा आसायचा, आन् हाक संपली की हळूच म्हणायचा, "आवाज अजून तसाच हाय न्हवं तिचा?" 

तीन वर्सं अशी गेली. आन् चौथ्या वर्सी ह्यो फाट्यावर उतरला, भरलेली बंदूक घिऊन, आन् खालच्या वाटंला लागला. आता कळलं का लागला ते?

आवस चार दिसांवर आलेली. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसंना. बॅटरी हुती, पण सेल मंद. वढा डाव्या हाताला. त्यो चालतोय. मागनं आवाज आला. दगडावर जोडवं वाजावं तसा. टिक्. टिक्. ह्यो थांबला की थांबायचा. ह्यो चालला की चालायचा. मष्णू मागं न बघता म्हणला, "चल की बरोबरीनं. मागनं कशाला?" आवाज बंद झाला.

थोडं फुडं गेला तर करवंदाचा वास आला. दिवाळी तोंडावर, आन् पिकल्या करवंदाचा वास. आता भ्या वाटाय पायजे का न्हाई? त्याला वाटलं न्हाई. त्यानं मला सांगितलंय, वास आला आन् डोळं भरून आलं. चालता चालता त्यो जाळीकडं हात करत हुता, करवंदं चाचपत. काटं तेवढं हाताला लागलं.

मग माझा दिवा दिसला. माळ्यावरचा कंदील. त्याला वाटलं, आलो की जवळ. दिव्याच्या रोखानं चालाय लागला. पण ऐका, नीट ऐका. माळा त्या वाटंनं येताना उजव्या अंगाला पडतो. ह्यो दिवा डाव्या अंगाला हुता. डाव्या अंगाला काय हाय? वढा. वढ्याच्या वर कोण कंदील लावील? त्याला हे कळलं हुतं. कळूनबी चालला. मन एवढं ओढ खात हुतं.

बॅटरी इझली. दिवा इझला. आन् उंबराच्या बुडात, दगडावर ती बसलेली. अंधारात दुसरं काय दिसत न्हवतं, ती दिसत हुती. मांडीवर बोचकं. ती म्हणली, "किती येळ लावलास मष्णू."

त्यो म्हणला, "आलो."

"बंदूक आणलीस?"

"आणली."

"बार भरलाय?"

"भरलाय."

"आता काय उपेग," ती म्हणली. रागानं न्हाई. घरातलं मीठ संपलं म्हणून बाई सांगती ना, तसं. मग उठली. म्हणली, "चल, म्हशी लांब गेल्या." आन् तिनं त्याचा हात धरला.

हात कसा हुता, मी इचारलं हुतं त्याला. त्यो म्हणला, गार हुता, पण तिचाच हुता. बोटाला इळ्याचा जुना वण हुता, त्योबी लागला.

ती फुडं, ह्यो मागं. ती म्हशींची नावं घिऊन हाका मारती, आन् ह्यो हसतोय. तीन वर्सात त्यो हसला न्हवता. पायाखाली वाट संपली, गवत लागलं, मग गवतबी संपलं, उघडा खडक लागला. खालनं पाण्याचा गारवा अंगाला लागतोय. त्याला ठाव हुतं कुठं चाललाय ते. ती म्हणली, "आजून एक पाऊल. मग काय न्हाई."

त्यानं पाऊल उचललं.

आन् तवा वरच्या अंगानं, उताराकडनं हाक आली.

"कोण हाय का रं? मारत्यात मला."

मष्णू तसाच, एक पाय वर. तुळसानं हात घट धरला. म्हणली, "ती मीच. हितली समदी हाक माझीच आसती. गाव म्हणतंय न्हवं? तू चल."

पुन्हा हाक आली. आता इचार करा. ती खरी का खोटी, कसं कळावं? तीन वर्सं त्या वाटंवरनं बाईच्या हाका येत्यात, आन् समद्या भुताच्या. आपुण असतो तर काय केलं असतं? मी काय केलं ते सांगतो. मी माळ्यावर हुतो. मी ती हाक ऐकली. मी कंदील बारीक केला आन् घोंगडं डोक्यावरनं घेतलं.

मष्णू म्हणला, "तुळसा, तुझी आसंल तर जायालाच पायजे. तवा गेलो न्हाई."

 किती येळ त्याचा हात हातात धरून उभी ऱ्हायली, ते त्याला सांगता यायचं न्हाई. मग तिनं हात सोडला.

त्यानं पाय मागं घेतला आन् वळला. टाचंखालचा दगड सुटला. त्यो दगड पाण्यात पडल्याचा आवाज लई येळानं आला. एवढा त्यो काठावर हुता.

मग त्यो पळाला. अंधारात, काट्यातनं, बंदूक छातीशी धरून. आन् उताराच्या पाण्यात जे बघितलं ते भूत न्हवतं. आपली यल्लूबाई हुती, सुईण. तुमच्यातल्या निम्म्यांच्या बापांची नाळ तिनं कापली हुती. बांबरवाडीत बाळंतपण करून निघाली. तिथल्या लोकांनी म्हणलं, ऱ्हा, खालच्या वाटंवर तुळसा हाय. ती म्हणली, "तुळसाची नाळबी मीच कापलीया, ती मला काय करती? आमच्या वाडीत एक बाई दिवस भरून बसलीया, मला जायाला पायजे." आन् निघाली. वाटंत ती दोन माणसं, पाठीवर दारूचे डबे. हिनं दिवा वर करून तोंडं बघितली. तेवढंच झालं. दिवा काठावर पडून तसाच जळत हुता, एकानं तिचा गळा धरला हुता आन् दुसऱ्याच्या हातात कोयता.

मष्णू पाण्यात उतरला. बंदूक रोखली. म्हणला, "म्हातारीला सोडा आन् आल्या वाटनं चालाय लागा. डबे घिऊन जा. मला तुमच्या डब्यांचं काय न्हाई."

गळा धरलेल्यानं सोडलं. कोयतेवाला हसला. म्हणला, "बार एकच आसतोय ह्यात."

मष्णू म्हणला, "व्हय. एकच हाय."

कोयतेवाला आला. मष्णूनं बार काढला. माणसावर न्हाई काढला, त्याच्या पायाफुडं पाण्यात काढला. मी त्याला नंतर इचारलं, का रं? त्यो म्हणला, "म्हातारीला वाचवायचं हुतं. त्याला मारायचं न्हवतं. जमंल तवर दोन्ही करून बघावं म्हणलं." पाणी आन् खडे उडाले, त्यो माणूस घसरला, पण परत उठला. आता बंदूक म्हंजे नुसतं लाकूड. मष्णूनं यल्लूबाईला पाठीमागं घेतली, बंदूक दोन्ही हातांनी आडवी धरली, आन् उभा ऱ्हायला. पयला घाव दस्त्यावर बसला. दुसरा डाव्या मनगटावर.

हिकडं मी घोंगड्यात. बार ऐकला. डोक्यात लख्ख उजेड पडला, बाबांनो. भूत हाक मारील, रडंल, दिवा दाखवील. भूत बंदूक उडवत न्हाई. आन् आमच्या वाडीत तवा बंदूक एकाचीच. मी माळ्यावरनं उडीच टाकली. कंदील आन् कुऱ्हाड घेतली आन् पळत सुटलो. वाडीकडं तोंड करून बोंब मारली, "मष्णू हाय, मष्णू हाय." दारं उघडली. मशाली निघाल्या. एवढा उजेड आन् गलका बघून ती दोघं डबे टाकून पळाली. कोयतेवाल्याचा पाय घसरताना मुरगळला हुता, त्यो गावला. दुसरा न्हाई गावला. तुळसाचं त्यानं कबूल केलं न्हाई, आन् कुणी शाबीतबी केलं न्हाई.

मी पोचलो तवा मष्णू पाण्यात उभाच हुता. यल्लूबाई पदर फाडून मनगट बांधत हुती आन् त्याला शिव्या देत हुती, "खाली बस मुडद्या, रगात चाललंय." आन् ह्यो मान वळवून कोंडाकडं बघत हुता.

पंचनामा झाला. ठाण्यात इचारलं, परवाना पिकासाठी असताना माणसाफुडं बार का काढला? मष्णू म्हणला, "व्हय सायेब, चुकलं असंल. पण बंदूक माझ्यापाशीच हुती. दुसरं कोण जाणार?" बंदूक आठ म्हयनं ठेवून घेतली, मग परत दिली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाळली.

त्या रातीनंतर हाक यायची बंद झाली.

गाव सुटलं. नारळ फोडला, गुरवानं कोंबडं उतरलं. मला वाटलं, मष्णूबी सुटला असंल. कसलं काय. त्यो रोज रातचं माळ्यावर कान लावून बसायचा. "सटुप्पा, आली का रं?" मी म्हणायचो, "न्हाई." भात निघालं, राखण संपली, तरी यायचा. थंडीत, पावसात. एकदा म्हणला, "दोन डाव तिच्याकडं पाठ केली मी." मी म्हणलो, "आरं, दुसऱ्या डावाला म्हातारी वाचली." त्यो म्हणला, "ते खरं हाय. पुन्हा तसं झालं तर पुन्हा वळीन. पण हात तिनं सोडला, सटुप्पा. मी सोड म्हणलो न्हवतो."

पस्तीस वर्सं. पस्तीस वर्सं रोज इचारायचा, आन् मी रोज खरं सांगायचो. ह्या वर्सांत सात-आठ डाव रातची वाडीतनंच कुणाची तरी हाक आली. कधी कुणाच्या घरात भावाभावात कुऱ्हाडी निघाल्या, कधी सासऱ्यानं सुनंला अंगणात धरून मारली. मष्णू दर डावाला बंदूक घिऊन दारात जाऊन उभा ऱ्हायला. बार एकदाबी काढला न्हाई. नुसता उभा ऱ्हायचा आन् म्हणायचा, "मी हितं बसतो सकाळपतुर." आन् बसायचा. मी बरोबर आसायचो. आता माझी पाळी हुती ना.

गेल्या वर्सी मार्गशीर्षात त्यो गेला. शेवटच्या राती त्याची वैनी उशाला, मी पायथ्याला. डोळं मिटलेलं. म्हणला, "सटुप्पा, आली का रं?"

मी पयल्यांदा खोटं बोललो. म्हणलो, "आली."

त्यानं डोळं उघडलं. माझ्याकडं बघितलं. म्हणला, "मग बसलाईस काय? जा की. आन् जाताना वरड. आलो आलो म्हणत जा. तवा तिला कळलंच न्हाई, आपुण जागं हुतो ते."

मी उठलो. काय करणार. खुंटीवरची बंदूक घेतली, काठी घेतली, आन् सत्तरीचा माणूस मी, खालच्या वाटंला लागलो. कोण न्हवतं तिथं. ना दिवा, ना वास. तरी मी वरडत गेलो, "आलो गं, आलो." उंबरापतुर गेलो. उजाडंतवर तिथंच बसलो.

परत आलो तवा मष्णू गेलेला. वैनी म्हणल्या, "तुमचा आवाज हितवर येत हुता भावजी. त्यो ऐकत हुता. लई येळ ऐकत हुता."

तर बाबांनो, अंधार पडल्यावर त्या वाटनं जाऊ नका. काठ आता आजून ढासळलाय, आन् ज्याचं कुणी गेलंय त्यानं तर दिवसाबी जाऊ नये, पाय ओढला जातोय. पण तिथनं हाक आली, तर भुताची का माणसाची ह्याचा माळ्यावर बसून इचार करू नका. तुमच्यापाशी बंदुका हायत्या. दोघं मिळून जा, दिवा घिऊन जा. आन् निघाल्या निघाल्या मोठ्यानं वरडा, आलो म्हणून. तुमी पोचूस्तवर काय हुईल ते हुईल, तेवढं तरी तिच्या कानावर पडू दे.